‘चिंटू नो’ आणि जाईबाईंचा आवाज

धम्मरत्न चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. गाड्यांच्या सीटखाली जे लोखंडी सांगाडे असतात ते तिथे बनायचे, आणि त्यांच्या वेल्डिंगमधली खोट शोधणं हे त्याचं काम. वय चौतीस, अंगाने किरकोळ, बोलायला गोड. मोशीच्या नव्या वस्तीत दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको साक्षी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. बाकी सगळं चारचौघांसारखं, फक्त एक नाद होता. त्याला गाणी जोडायची हौस होती. एका गाण्याचा ठेका घ्यायचा, दुसऱ्याचा आवाज घ्यायचा, लॅपटॉपवर बसून दोन्ही असे बेमालूम जुळवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ही जन्मापासून एकत्रच होती. झालेलं मिक्स तो गणराजला द्यायचा. गणराज मोशीच्या जुन्या गावातला, धम्मरत्नचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे साउंडचे मोठे बॉक्स होते आणि पंचक्रोशीतल्या हळदी, बारशी, वाढदिवस त्याच्याशिवाय व्हायचे नाहीत. मिक्सवर नाव गणराजचंच जायचं. धम्मरत्नला त्याचं वाईट वाटत नसे. गर्दीच्या कडेला उभं राहून आपण जोडलेल्या ठेक्यावर लोक उसळताना बघायचे, एवढं त्याला पुरत होतं.

त्या वर्षी एका परदेशी गाण्याने सगळीकडे धुमाकूळ घातला होता. पोर्तो रिको नावाच्या बेटावरून आलेलं, स्पॅनिशमधलं, रेगेटॉन म्हणतात त्या तऱ्हेचं. ‘सिन तुर्नो’ असे त्याचे बोल. म्हणजे ‘आज शिफ्ट नाही’. कारखान्यातल्या पोराला सोमवारी सुट्टी मिळते आणि तो आपल्या मैत्रिणीला समुद्रावर बोलावतो, इतकंच त्यात होतं. पण चाकणच्या पोरांना त्याचा अर्थ कुठे माहीत? त्यांना ते ‘चिंटू नो, चिंटू नो’ असं ऐकू यायचं आणि तेच नाव पडलं. जिममध्ये चिंटू नो, रावेतच्या झुंबा क्लासात चिंटू नो, कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर वळणावर हॉर्न वाजवायचा तोही चिंटू नोच्या चालीवर. धूम, त-धूम-ता, धूम, त-धूम-ता. एकदा कानात शिरलं की जेवतानाही पाय हलायचा.

धम्मरत्नला त्या गाण्याची सुरुवात सगळ्यांत जास्त आवडायची. ठेका सुरू व्हायच्या आधी एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो. साज नाही, काही नाही. रापलेला, जरा फाटका आवाज, चारच शब्द. मग एकदम धूम. त्या चार शब्दांनी त्याच्या अंगावर काटा यायचा. हे काय आहे म्हणून त्याने एका सकाळी बसमध्ये त्या गायकाची मुलाखत लावली, खाली इंग्रजी अक्षरं येत होती ती वाचत गेला.

गायक सांगत होता, हा ठेका आमचा एकट्याचा नाही. हा जमैकात जन्मला. पनामात कालवा खणायला जे काळे मजूर आणले होते, त्यांच्या नातवंडांनी तो स्पॅनिशमध्ये आणला. तिथून तो आमच्या बेटावर आला, गरिबांच्या सरकारी वसाहतींमध्ये वाढला. पोरं घरात कॅसेटी भरायची आणि हातोहात विकायची. चांगल्या घरचे लोक म्हणायचे, हे घाण आहे. पोलीस दुकानांत शिरून कॅसेटी उचलून न्यायचे. आणि त्याच्याही मागे किनाऱ्यावरच्या गावांतले आफ्रिकेचे ढोल आहेत, उसाच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांचे. माझी आजी त्या गावची. सुरुवातीचा आवाज तिचा आहे.

धम्मरत्नचा स्टॉप, म्हणजे कंपनीचं गेट, आला तरी तो उठला नाही. शेजारच्याने हलवलं. त्या दिवशी त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं: अरे, हे तर आपलंच आहे. आपली वस्ती, आपल्या कॅसेटी, आपली हलगी, आणि आपल्याला नावं ठेवणारे लोक. आणि मग त्याच्या मनात आलं की तसा आवाज आपल्याही घरात आहे.

तो आवाज जाईबाईंचा.

जाईबाई म्हणजे धम्मरत्नची थोरली चुलती. तो त्यांना मोठी आई म्हणायचा. घर मूळचं लातूरकडचं. त्यांचे यजमान भीमराज, धम्मरत्नचे अण्णा, तरुणपणी पिंपरीला आले, चिंचवडच्या एका फोर्जिंग कंपनीत लागले आणि मागोमाग धाकट्या भावाला, धम्मरत्नच्या वडिलांना, घेऊन आले. रेल्वे लायनीपलीकडच्या वस्तीत दोन्ही भावांची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लावून होती. धम्मरत्नची आई कामाला जायची, त्यामुळे त्याचं लहानपण निम्मं मोठ्या आईच्याच चुलीपाशी गेलं. जाईबाईंना मूलबाळ नव्हतं. गाण्याचं अंग मात्र होतं. विहारात पौर्णिमेला, चौदा एप्रिलला, कुणाच्या नामकरणाला त्या उभ्या राहिल्या की पेटी लागत नसे.

आणि एक गाणं असं होतं जे त्या विहारात कधीच म्हणत नसत. ते घरातलं होतं.

भीमराज गेले तेव्हा धम्मरत्न सात वर्षांचा होता. त्यांची पहिली शिफ्ट होती. जाईबाईंनी पहाटे उठून डबा भरला, चहा ठेवला. कंपनीचा भोंगा झाला तरी नवरा उठेना. त्या हाका मारत राहिल्या, आधी लाडाने, मग चिडून, मग हलवून. भीमराज झोपेतच गेले होते. भिंतीपलीकडून धम्मरत्नने त्या हाका ऐकल्या होत्या. पुढे दुपारी, अंगणात माणसं जमल्यावर, जाईबाईंनी त्याच हाकांचं गाणं केलं, म्हणजे ते त्यांच्या तोंडून आपोआपच आलं.

उठा की राजा, भोंगा झाला,
डबा भरला, च्या निवला,
दारची सायकल वाट बघते,
उठा की राजा, भोंगा झाला.

त्यानंतर वर्षातून एकदा, त्याच दिवशी, त्या भीमराजांच्या फोटोपुढे बसून ते म्हणत. ऐकायला घरातलीच दोन-तीन माणसं.

मुलाखत पाहिल्यावर आलेल्या रविवारी धम्मरत्न माइक घेऊन पिंपरीला गेला. जाईबाई मटार सोलत बसल्या होत्या.

“मोठी आई, तुझा आवाज ठेवून द्यायचाय. आठवण म्हणून.”

“माझ्या आवाजाला काय सोनं लागलंय?” त्या हसल्या. “काय म्हणू? भीमगीत म्हणू?”

“ते म्हण. आणि मग ते... अण्णांचं.”

जाईबाईंचे हात थांबले. क्षणभर त्या फोटोकडे बघत राहिल्या. “ते कशाला रं?”

“तुझ्यानंतर कोण म्हणणार ते? राहू दे ना आमच्याजवळ.”

हे त्याने खोटं सांगितलं असं नाही. त्या वेळी त्याच्या मनात दोन्ही होतं. आठवणही होती आणि ठेकाही होता. पण ठेक्याबद्दल तो बोलला नाही. जाईबाईंनी पदराने हात पुसले, डोळे मिटले आणि सबंध गाणं म्हटलं.

घरी येऊन त्याने ते कितीदातरी ऐकलं. सगळं गाणं ठेक्यात बसेना. डबा नको, सायकल नको. ‘भोंगा झाला’ म्हटलं की ऐकणारा अडखळेल. राहिलं काय, तर ‘उठा की राजा’. ते मात्र असं बसलं की त्याला स्वतःलाच हसू फुटलं. उठा की राजा, धूम. उठा की राजा, त-धूम-ता. त्याच्या मनाने एकदा हटकलं, नाही असं नाही. पण त्याने मनाची समजूत घातली, की तीन शब्द कुणाचे नसतात. नवऱ्याला उठवायला कुठलीही बाई म्हणते. अण्णांचं गाणं वेगळं, ते तर जसंच्या तसं जपून ठेवलंय.

साक्षीने ऐकलं आणि विचारलं, “मोठ्या आईंना ऐकवलंस?”

“ऐकवतो की. आधी बघू तरी कसं चालतंय.”

ते चाललं नाही, धावलं. गणराजने ते ‘उठा की राजा, चिंटू नो मिक्स’ म्हणून इंटरनेटवर टाकलं आणि पंधरवड्यात ते सांगली-कोल्हापूरपर्यंत पोहोचलं. रिक्षात, टेम्पोत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. पोरांनी त्याला एक जबाबही जोडला. बाईचा आवाज ‘उठा की राजा’ म्हणाला की सगळे हात वर करून ओरडायचे, “उठला, उठला!” आणि जे हावभाव करायचे ते सांगण्यासारखे नाहीत. धम्मरत्नने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला चमकल्यासारखं झालं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ते कमी झालं. चऱ्होलीच्या एका हळदीत गणराजने त्याला हाताला धरून मध्ये ओढलं, “हाच तो भाऊ, यानंच बनवलंय!” तेव्हा तोही हात वर करून ओरडला. उठला, उठला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

मग बुद्धभूषणची हळद आली. बुद्धभूषण हा धम्मरत्नच्या आत्याचा मुलगा. हळद मोशीतच, एका लॉनवर, आणि साउंड अर्थातच गणराजचा. जाईबाई येणार हे धम्मरत्नला ठाऊक होतं. गणराजला आधीच सांगून ठेवायचं, आज ते एक लावू नकोस, हेही त्याच्या डोक्यात होतं. पण मांडवाचं, पाण्याचं, पाहुण्यांचं बघता बघता ते राहून गेलं. नंतर तो स्वतःला पुन्हा पुन्हा विचारायचा, की खरंच राहून गेलं, की आपल्यालाच घरच्या माणसांसमोर ते वाजायला हवं होतं?

संध्याकाळ व्हायला आली होती. जाईबाई पुढच्याच रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर, नव्या लुगड्यात बसल्या होत्या. नवऱ्या मुलाला हळद लावून त्यांचे हात पिवळे झाले होते. आणि साउंडच्या भिंतीतून, छातीत धडकेल असा, त्यांचाच आवाज आला.

उठा की राजा.

जाईबाईंनी मान वर केली. आधी त्यांना वाटलं असावं, कुणीतरी हाक मारतंय. मग ठेका पडला. पोरं उसळली. “उठला, उठला!” एक मध्यमवयीन पाहुणा, तोंडात रुमाल धरून, जाईबाईंच्या अगदी पुढ्यात येऊन कंबर हलवायला लागला. त्याला काय माहीत, आपण कुणापुढे नाचतोय ते. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. जाईबाई इकडेतिकडे बघत राहिल्या, घरात अनोळखी माणसं घुसल्यावर बाई जशी बघेल तशा. त्यांनी पिवळे हात मांडीवर पालथे घातले.

धम्मरत्न बॉक्सपाशी उभा होता. त्यांनी त्याला शोधून काढलं आणि हाताने जवळ बोलावलं. तो गेला. गोंगाटात ऐकू जावं म्हणून त्यांनी त्याचं डोकं खाली ओढलं आणि कानात विचारलं, “धम्मा, हा माझा आवाज हाय का रं?”

त्या वेळी ‘हो’ म्हणायला काय लागत होतं? एक अक्षर. पण त्याला ते सगळे दिसले. तो पाहुणा, हसणाऱ्या बायका, गणराज बॉक्सपाशी उभा राहून अंगठा दाखवत होता तो. आणि तो म्हणाला,

“नाही गं मोठी आई. दुसरीच कुणीतरी आहे. मुंबईची.”

जाईबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मान हलवली आणि म्हणाल्या, “असंल. सारखा वाटला, म्हणून विचारलं.” थोड्या वेळाने त्या डोकं दुखतंय म्हणून उठल्या. साक्षीने त्यांना रिक्षात बसवून दिलं. जेवल्यासुद्धा नाहीत.

त्यानंतर धम्मरत्नचं कशात लक्ष लागेना. चोरी केली असती तर निदान म्हणता आलं असतं, की घेतलं. इथे त्याने माणसाला त्याचाच आवाज नाकारला होता. दुसऱ्या दिवशी तो गणराजकडे गेला आणि म्हणाला, ते गाणं काढून टाक.

“येडा झालास का भावा? अख्खा सीझन त्याच्यावर चाललाय.”

“तो आवाज माझ्या चुलतीचा आहे. आणि ते रडणं आहे, गणराज. माझा चुलता मेला त्या दिवशीचं.”

गणराजने हातातला चहाचा कप खाली ठेवला. “आणि तू मला सांगितलं नाहीस?” तो म्हणाला. “राव, माझ्या आईसमोर वाजवलंय मी ते.” त्याने तिथल्या तिथे काढलं. पण काढून उपयोग काय? तोवर त्याची पिल्लं गावोगाव झाली होती. कुणी वेग वाढवला होता, कुणी वर शिट्ट्या टाकल्या होत्या. धम्मरत्नने एकेकाला लिहून पाहिलं. कुणी दाद दिली नाही. आणि मग एके दिवशी अचानक त्यातली बरीचशी आपोआप उडाली. मूळ गाण्याच्या कंपनीने हरकत घेतली होती. आमचा ठेका आहे, विनापरवानगी वापरला, म्हणून. यंत्राने ठेका ओळखला होता. आवाज कुणाचा, हे विचारणारं यंत्र नव्हतं. ज्यांनी ठेका बदलून ठेवला होता त्यांची गाणी राहिली, आणि जाईबाई त्यांत तशाच म्हणत राहिल्या.

त्या दिवशी त्याने ती जुनी मुलाखत पुन्हा लावली. शेवटचा भाग त्याने पूर्वीही पाहिला होता, ‘भारी’ म्हणून सोडून दिला होता. त्यात गायक सांगत होता, की आजीचा आवाज घ्यायच्या आधी तो तिच्याकडे जाऊन राहिला, गाणं कसं होणार ते तिला वाजवून दाखवलं, तिने दोनदा नाही म्हटलं तेव्हा दोनदा परत गेला. मग स्टेजवर तिच्यासाठी खुर्ची मांडलेली दिसली, आणि हजारो लोकांपुढे तो तिचं नाव घेत होता. धम्मरत्नने मोबाइल उलटा करून ठेवला. त्याला त्या म्हातारीकडे बघवेना.

पण पिंपरीला जायचं धाडस त्याच्याच्याने होईना. रविवार आला की काहीतरी निघायचं. ओव्हरटाइम, गाडीची सर्व्हिसिंग. एकदा तर तो लायनीपर्यंत गेला आणि फाटक बंद आहे एवढ्या निमित्ताने परतला. शेवटी साक्षीच जाऊन आली. आल्यावर तिने पर्स टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच बोलायला लागली.

“मोठ्या आई विहारात जायच्या बंद झाल्यात.”

“का?”

“बायकांनी आवाज ओळखला. विमलबाईंनी तोंडावर विचारलं, जाईबाई, या वयात हे कसलं गाणं म्हटलंत?” साक्षीचा आवाज बारीक झाला. “त्या काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, तो माझा आवाज नाही. माझा पुतण्या त्यातला जाणकार आहे, त्याने सांगितलंय, मुंबईची कुणीतरी आहे.”

धम्मरत्न खाली बसला.

“त्यांना माहीत नाही असं वाटतं तुला?” साक्षी म्हणाली. “तुझं खोटं त्या पदरात घेऊन बसल्यात. आणि तू इथे गाडीची सर्व्हिसिंग करतोस.”

तो त्याच पावली निघाला. जाईबाई दारात भांडी घासत होत्या. त्याला पाहून त्यांनी हात धुतले, पाट सरकवला. तो पाटावर बसला नाही, उंबऱ्यावरच बसला.

“मोठी आई, तो आवाज तुझाच आहे. मी केलं ते. त्या दिवशी मी खोटं बोललो.”

जाईबाई भांडी पुसून एकात एक ठेवत राहिल्या. “मला काय माझा आवाज कळंना व्हय?” त्या म्हणाल्या. “मी तुला विचारलं ते कळंना म्हणून न्हाई विचारलं. तू हो म्हनतोस का, ते बघाया विचारलं.”

त्याला रडू आलं. त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवतील असं त्याला कुठेतरी वाटत होतं, लहानपणी फिरवायच्या तसा. त्यांनी फिरवला नाही.

“मी काय करू सांग. तू म्हणशील ते करतो.”

“त्येन्ला उठवत हुते मी,” जाईबाई म्हणाल्या. त्यांना त्याचं बोलणं ऐकूच आलं नसावं. “अंग गार लागलं हाताला, तरी उठवत हुते. आनि त्या मांडवात तो बाप्या माझ्या म्होरं...” त्यांनी शेवटचं भांडं पालथं घातलं. मग त्या म्हणाल्या, “पुनवंला विहारात ये. समद्या बायका असत्यात. तितं उभा ऱ्हा आनि सांग, कुनाचा आवाज हाय आनि कुनासाठी हाय. मी न्हाई सांगनार. मी काई केलं न्हाई.”

पौर्णिमेला वंदना झाली. धम्मरत्न उभा राहिला. समोर पांढऱ्या लुगड्यांच्या ओळी, त्यातल्या निम्म्या बायकांनी त्याला कडेवर घेतलेलं. जाईबाई मागे, भिंतीला टेकून. त्याने येताना वाक्यं जुळवून आणली होती, ती सगळी पळाली. तो म्हणाला, की ‘उठा की राजा’ मधला आवाज मोठ्या आईचा आहे. अण्णा गेले त्या सकाळी तिने त्यांना ज्या हाका मारल्या त्या या हाका आहेत. मी आठवण म्हणून भरून घेतल्या आणि नाचायला लावल्या. तिला विचारलं नाही. तिने विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. तिचा यात काही दोष नाही.

मग विमलबाई, ज्या महिला मंडळाचं सगळं बघायच्या, त्यांनी चष्मा काढून विचारलं,

“तू पण नाचलास का रे त्याच्यावर?”

हे तो सांगणार नव्हता.

“हो,” तो म्हणाला. “चऱ्होलीला.”

“आणि ते ओरडतात ते?”

“हो. तेही ओरडलो.”

पुढच्या ओळीतली एक म्हातारी तोंडावर हात ठेवून म्हणाली, “अगं बया. मी हुते की त्या दिवशी अंगणात.” विमलबाई उठल्या. धम्मरत्नला वाटलं, आता त्या आपल्याला चार शब्द सुनावतील, आणि सुनावले तर बरं होईल. पण त्या त्याच्या बाजूने सरळ मागे गेल्या, जाईबाईंच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. “मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं,” एवढंच त्यांनी म्हटलं. मग सगळ्या बायका तिकडे वळल्या. धम्मरत्न तथागतांच्या मूर्तीशेजारी एकटाच उभा राहिला. बसावं की जावं, हे त्याला कुणी सांगेना. शेवटी तो बाहेर आला आणि चपला घालून निघाला.

जाईबाई पुन्हा विहारात जायला लागल्या. दोन-तीन महिन्यांनी एकदा बायकांनी फारच आग्रह केला तेव्हा त्यांनी भीमगीतही म्हटलं, आवाज जरा उतरलेला होता. धम्मरत्नशी त्या बोलतात, तो गेला की चहा करतात, साक्षीच्या हाती लोणचं पाठवतात. पण भीमराजांच्या फोटोपुढचं गाणं त्या आता म्हणत नाहीत. त्या वर्षी तो दिवस आला तेव्हा धम्मरत्न आणि साक्षी जाऊन बसले. जाईबाईंनी मेणबत्ती लावली, फूल वाहिलं आणि उठल्या.

“म्हणत नाही?” साक्षीने हळूच विचारलं.

“न्हाई गं बाई. म्हनाया गेलं की ती मान्सं दिसत्यात,” जाईबाई म्हणाल्या. “ह्येंचं तोंड दिसत न्हाई.”

भरून घेतलेलं सबंध गाणं धम्मरत्नकडे होतं. ते त्याने त्यांच्यापुढे ठेवलं, म्हणाला, हे तुझं तू ठेव, नाहीतर पुसून टाकू. त्या म्हणाल्या, पुसू नको, माझ्यासमोर वाजवू नको. मग ते तसंच राहिलं आहे. तो नवं काही जोडत नाही. तसं त्याने ठरवलं होतं असं नाही, लॅपटॉप उघडला की हात चालेना, एवढंच. गणराज अजून दोस्त आहे, पण पूर्वीइतकं येणंजाणं नाही.

एक खोड मात्र त्याला लागली आहे. चिंटू नो आता जुनं झालं, तरी ते बदललेल्या ठेक्याचं ‘उठा की राजा’ अधूनमधून कुठेतरी वाजतंच. वाजलं की धम्मरत्न जातो. टेम्पोवाल्याकडे, टपरीवर, ताथवडेच्या एका हॉस्टेलसमोर पोरं नाचत होती तिथेसुद्धा. जाऊन सांगतो, की भाऊ, हा आवाज जाईबाई नावाच्या बाईंचा आहे, पिंपरीत राहतात, नवरा झोपेत गेला त्याला त्या उठवत होत्या. आणि हे गाणं मी खराब केलं. काही जण ‘सॉरी काका’ म्हणून बंद करतात. काही जण हसतात. एकदा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नव्या ट्रेनी पोरांनी मोबाइलवर लावलं, तेव्हा तो ताट ठेवून उठला आणि सगळ्या टेबलांसमोर सांगितलं. पोरांनी ते बंद केलं. त्याच्या मागे बसलेला सुपरवायझर म्हणाला, “जाऊ दे ना राव, किती दिवस तेच सांगशील?”

धम्मरत्न आपल्या ताटाशी परत आला. ताटातली आमटी निवली होती. ती तशीच खाऊन तो लाइनवर गेला.